चाकांवरची घरे आणि चार वर्षांची पावले

आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी स्थिरावली आहेत. दर वर्ष-दोन वर्षांनी व्हिसा, विमा आणि औषधांचे डबे सांभाळत आपण त्यांच्याकडे जातो. पहिले आठ-दहा दिवस घर पाहण्यात आणि नातवंडांचे लाड करण्यात जातात. मग तरुण मंडळी आपापल्या कामाला लागतात आणि आजी-आजोबांच्या हाती उरते ते एक चिमुकले बोट. ते धरून कोठे जावे, किती चालावे, आणि परक्या भाषेच्या मुलखात आपले व मुलाचे आरोग्य कसे सांभाळावे, हा प्रश्न दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांकडून मी वारंवार ऐकते. म्हणून आज आपल्याला एका अशा ठिकाणी घेऊन जाणार आहे, जेथे हे सारे प्रश्न एकाच दिवसात समोर उभे राहतात. ते ठिकाण म्हणजे जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात जानेवारीत भरणारे प्रवास, भटकंती आणि कॅरॅव्हॅन यांचे विशाल प्रदर्शन.

शहर आणि प्रदर्शन

श्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याची राजधानी. शहराचा मध्यभाग एखाद्या खोलगट परातीत ठेवल्यासारखा आहे. भोवती टेकड्या, त्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे, आणि वर-खाली जाण्यासाठी जागोजागी दगडी पायऱ्यांच्या वाटा. मुंबईचे आणि या शहराचे भगिनी-शहर म्हणून नाते १९६८ पासूनचे. मोटारी आणि यंत्रे बनवणाऱ्या येथील उद्योगांचे पुणे परिसराशी निकटचे संबंध असल्याने मराठी अभियंत्यांची कुटुंबे येथे सहज भेटतात. आमची लेक-जावईही त्यांपैकीच.

प्रदर्शनाचे नाव सी.एम.टी. कॅरॅव्हॅन, मोटर आणि टुरिस्टिक या तीन शब्दांची ही आद्याक्षरे. दर वर्षी जानेवारीच्या मध्यास शनिवारी ते सुरू होते आणि पुढच्या आठवड्याच्या रविवारी संपते. या नऊ दिवसांत दोन लाखांहून अधिक लोक तेथे येतात. सर्वसामान्य जनतेसाठी भरणाऱ्या पर्यटन-प्रदर्शनांत ते जगात सर्वांत मोठे आहे, असे आयोजक सांगतात. शहरातील किलेसबेर्ग टेकडीवरील जुने प्रदर्शनस्थळ सोडून २००७ साली हे सारे विमानतळाशेजारच्या नव्या संकुलात आले. तेथील वाहनतळाची इमारत चक्क द्रुतगती महामार्गावर पुलासारखी आडवी बांधली आहे. खालून मोटारी धावत असतात आणि वर मोटारी विसावलेल्या असतात. भोवतालचा फिल्डर नावाचा सपाट मुलूख टोकदार आकाराच्या कोबीसाठी प्रसिद्ध आहे. मुख्य रेल्वे स्थानकातून एस-बान या उपनगरी गाडीने सुमारे अर्ध्या तासात आपण प्रदर्शनाच्या दाराशी उतरतो.

कोकणातील जत्रा किंवा पुण्याजवळ मोशीला भरणारे किसान प्रदर्शन पाहिलेल्या माणसाला गर्दी नवी नाही. येथे वेगळे वाटते ते गर्दीचे कारण. बाहेर शून्याच्या आसपास तापमान, पाच वाजण्याच्या सुमारास काळोख. आणि आत हजारो माणसे येत्या उन्हाळ्यात उघड्यावर कोठे राहायचे, कोणत्या डोंगरात चालायचे, कोणत्या नदीकाठाने सायकल हाकायची, याची आखणी करत असतात. घराबाहेरच्या मोकळ्या हवेची ही ओढ या समाजात खोलवर रुजली आहे. हवा वाईट नसते, कपडे अपुरे असतात, अशा अर्थाची एक म्हण येथे लहान मुलांनाही ठाऊक असते. देशात हजाराहून अधिक बालवाड्या अशा आहेत की ज्यांचा वर्ग म्हणजे जंगल. मुले पावसातही तेथेच खेळतात.

जावे की न जावे

आमच्या बाबतीत हा निर्णय सोपा नव्हता. घरात तीन आठवड्यांचे तान्हे बाळ होते. साडेचार वर्षांचा मोठा नातू मात्र त्या बाळाच्या आगमनाने एकाएकी 'मोठा' ठरला होता, आणि ती बढती त्याला मान्य नव्हती. रात्री दचकून उठणे, जेवणाला नकार, कपडे घालताना रडणे, ही त्याची भाषा होती. अशा वेळी मुलाला उपदेशाचा उपयोग नसतो. कोणीतरी संपूर्णपणे आपले असलेला एखादा दिवस त्याला हवा असतो. त्याला चाकांवरच्या घरांचे वेड होते, म्हणून प्रदर्शनाचा विचार पुढे आला.

लेकीची शंका रास्त होती. जर्मनीत फ्लूची साथ बहुधा जानेवारी ते मार्चच्या सुमारास जोरात असते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो घरगुती उपचारांचा विषय राहत नाही. बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे लागते. मग गर्दीत जाऊन असा धोका घरी का आणावा?

आम्ही सर्वांनी बसून विचार केला. नातू रोज बालवाडीत जातच होता, तेव्हा जंतूंना घराचा पत्ता आधीच ठाऊक होता. प्रश्न धोका शून्य करण्याचा नव्हता, तो कमी करण्याचा होता. भारतातून निघण्यापूर्वी मी आणि माझ्या पतींनी फ्लूची लस घेतली होती, तसेच डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी टीडॅप ही लसही. तान्ह्या बाळाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांनी आपल्या डॉक्टरांशी या दोन लसींविषयी आवर्जून बोलावे. लसीचे संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ही गोष्ट विमानाच्या आदल्या दिवसावर टाकू नये.

शेवटी ठरले ते असे : शनिवार-रविवार टाळून मधला दिवस, सकाळी दार उघडताच प्रवेश, अडीच तासांनी परत. मोठ्यांनी मास्क लावायचा. घरी आल्यावर हात धुऊन आणि कपडे बदलूनच बाळाला घ्यायचे. नातवाला शिंक, सर्दी वा कणकण असेल तर बेत रद्द. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून आजारी मुलाला घेऊन निघणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली आहेत.

निघण्यापूर्वीची शिदोरी

आपल्या पिशवीत काय असावे, हे आपल्या वयापेक्षा आपल्या आजारांवर अवलंबून असते. माझे पती त्रेसष्ट वर्षांचे, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. हे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर नेहमीपेक्षा अधिक चालणे आणि नेहमीपेक्षा उशिरा जेवणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की झपाट्याने उतरू शकते. आणि प्रदर्शनात या दोन्ही गोष्टी हमखास एकत्र येतात. म्हणून आमच्याकडे ग्लुकोजची पूड, साखर मोजण्याचे यंत्र आणि बिस्किटे होती. आपल्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या औषधांमुळे साधी साखर पचायला वेळ लागतो, त्यामुळे साखर उतरल्यास ग्लुकोजच घ्यावे. चॉकलेटवर कोणीच विसंबू नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

दुसरी वस्तू म्हणजे एक कागद. त्यावर जर्मन भाषेत लेकीने लिहून दिले होते : आमची नावे, घरचा पत्ता, तिघांचे फोन, पतींचा आजार व औषधे, नातवाची अ‍ॅलर्जी, विम्याचा क्रमांक. सोबत तिची व जावयाची सही असलेले एक पत्रही होते. प्रसंगी मुलावर उपचार करण्याची वेळ आली तर मूल आजी-आजोबांच्या स्वाधीन आहे आणि त्यांनी आईवडिलांशी कसा संपर्क साधावा, हे त्यातून कळते. जर्मनीत तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. जिवाला धोका नसलेल्या, पण थांबता न येणाऱ्या दुखण्यासाठी वैद्यकीय सेवेचा ११६११७ हा वेगळा क्रमांक आहे. दोन्ही कागदावर मोठ्या अक्षरांत होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो आपण घेतोच, परंतु जुन्या आजारांचा त्यात कितपत समावेश आहे, ते घरून निघण्यापूर्वी वाचावे.

तिसरी गोष्ट पादत्राणे. जानेवारीत येथील पदपथावर पातळ बर्फ साचते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे पुरते. खाचदार तळव्याचे बूट, हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी, आणि पावले आखूड. कपडे थरांचे असावेत. बाहेर गोठवणारी थंडी आणि आत उबदार दालन, त्यामुळे एकच जाड कोट घातलेला माणूस आत घामाघूम होतो.

कमरेच्या उंचीवरून दिसणारे जग

दालनात शिरल्यावर आपल्याला दिसतात ते चकचकीत गाड्यांचे माथे, फलक, दिवे. साडेचार वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम तीन-सव्वातीन फुटांवर असते. त्याला दिसतात गुडघे, कोटांची टोके, लोकांच्या पिशव्या. आपण कधी क्षणभर उकिडवे बसून पाहावे, म्हणजे 'एवढे सुंदर आहे तरी हा रडतो का' या प्रश्नाचे उत्तर मिळते. मुलाला गर्दीत भीती वाटते, कारण त्याच्या दृष्टीने ते प्रदर्शन नसून हलणाऱ्या पायांचे जंगल असते.

यावर उपाय म्हणजे त्याला दर दहा मिनिटांनी एखाद्या बंदिस्त, त्याच्या मापाच्या जागेत नेणे. या प्रदर्शनात तशा जागा मुबलक, कारण कॅरॅव्हॅनच्या आत जाऊन पाहता येते. दोन पायऱ्या चढल्या की एक आटोपशीर घर : गॅसची शेगडी, लहानसे धुण्याचे भांडे, घडी करून बाक होणारे टेबल, आणि चालकाच्या डोक्यावर बिछान्याची माची. नातू त्या माचीवर चढून पालथा पडला आणि खिडकीतून गर्दीकडे पाहू लागला. वरून पाहताना त्याचे भय गेले. पंधरा मिनिटे तो तेथून हलेना. आम्हीही त्याला घाई केली नाही. बाकावर बसून पतींच्या गुडघ्यांना विसावा मिळाला, आणि तेथील विक्रेत्यालाही मुलांची सवय असावी.

येथे दोन सूचना. दालनात मूल थकले की 'उचलून घे' म्हणते. या वयाच्या मुलाचे वजन सुमारे सोळा-सतरा किलो असते. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने कमरेतून वाकून एवढे ओझे उचलले तर मणका दबून अस्थिभंग होऊ शकतो. अशा वेळी आपण बसावे आणि मुलाला मांडीवर चढू द्यावे. त्याला उंची नको असते, जवळीक हवी असते. लांब अंतरासाठी बाबागाडी, किंवा जर्मन कुटुंबे वापरतात तशी ओढायची छोटी गाडी न्यावी. मूल मोठे झाले म्हणून लाजू नये.

दुसरी सूचना हाताविषयी. मूल थांबले आणि आपण त्याचा हात धरून एकदम पुढे खेचला, तर कोपरातील लहान हाड आपल्या कड्यातून किंचित सरकू शकते. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांत हे विशेष घडते आणि पाच वर्षांपर्यंतही आढळते. मूल रडते, हात लुळा सोडून देते आणि वापरत नाही. डॉक्टर तो क्षणात बसवतात. स्वतः प्रयोग करू नये. पण मुळात हात खेचायचाच कशाला? उचलायचे तर काखेत हात घालून, थांबवायचे तर समोर बसून.

रांग, भूक आणि तीन चमचे ग्लुकोज

मध्यान्हाच्या आधीच जेवणाच्या स्टॉलसमोर रांगा लागल्या. आमची रांग पुढे सरकेना. नातू माझ्याजवळ बाकावर होता. मी पतींकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मागच्या गृहस्थाचा धक्का लागताच ते नेहमीच्या स्वभावाला न शोभेल असे चिडून बोलले. मधुमेही माणसाच्या घरच्यांनी हे चिन्ह ओळखायला शिकावे. घाम, थरथर, धडधड यांच्याइतकेच चिडचिड, गोंधळलेले उत्तर, रोखलेली नजर हेही साखर उतरल्याचे लक्षण असते. रुग्णाला स्वतःला ते पुष्कळदा कळत नाही, आणि कळले तरी 'मला काही झालेले नाही' असे तो सांगतो.

मी त्यांना बाकावर बसवले. यंत्रावर आकडा ५८ आला. सत्तरच्या खाली आकडा म्हणजे उपचार लगेच. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिले आणि घड्याळ पाहिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा ८६. मग बिस्किटे, आणि त्यानंतर सावकाश जेवण. साखर वर आली म्हणून एवढ्यावर थांबू नये. पोटात अन्न गेले नाही तर ती पुन्हा उतरते. आणि रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि ११२ ला फोन करावा.

त्या पंधरा मिनिटांत नातू काय करत होता, हे सांगण्यासारखे आहे. मी त्याला खरे तेच सांगितले : "आजोबांची साखर कमी झाली आहे. आपण त्यांना साखर दिली. आता आपण इथेच बसायचं आणि तू माझी पिशवी धरायची." त्याने पिशवी दोन्ही हातांनी कवटाळली आणि आजोबांच्या तोंडाकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आबा, आता तुमच्यात किती साखर आहे?" लहान मुलापासून आजार लपवण्याची आपली रीत असते. पण लपवलेल्या आजारापेक्षा, दोन सोप्या वाक्यांत सांगितलेला आणि सोबत एखादे काम दिलेला आजार मुलाला कमी घाबरवतो. घरी आठवडाभर 'मोठा' म्हणवून घ्यायला नाकारणारा मुलगा त्या बाकावर आपणहून मोठा झाला होता.

जेवणाविषयी आणखी एक. अशा ठिकाणी साखरेत घोळवलेले भाजके बदाम कागदी शंकूत मिळतात. वास असा की मूल हट्ट धरते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षे, सॉसेजचे गोल काप देऊ नयेत. हे पदार्थ श्वासनलिकेत अडकतात. द्राक्ष लांबीत चार भाग करून द्यावे, बदाम कुटून द्यावेत. चालताना, हसताना, पळताना खाऊ देऊ नये. हा नियम आपल्याकडील लग्नसमारंभातही तेवढाच लागू आहे.

ज्येष्ठांची एक सवयही येथे सांगितली पाहिजे. स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून अनेकजण, विशेषतः आपल्या भगिनी, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना याने चक्कर येते आणि पडणे होते. पाणी पिणे थांबवू नये. आत शिरताच नकाशावर स्वच्छतागृहे शोधून ठेवावीत. मुलालाही ती लागतातच.

हरवल्यास

एवढ्या गर्दीत मूल हरवणे अशक्य नाही, त्यामुळे त्याचा विचार आधी करावा. सकाळी निघताना नातवाचा एक फोटो काढला. भेदरलेल्या आजीला मुलाच्या स्वेटरचा रंग आठवत नाही, फोटोला आठवतो. त्याच्या मनगटावर आईचा फोन क्रमांक पेनाने लिहिला. आणि त्याला एकच वाक्य शिकवले : "आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही तुला शोधायला येऊ." शोधणारी दोन माणसे आणि शोधणारे मूल, असे तिघेही फिरू लागले तर भेट होत नाही. तो थांबला तरच आपण पोहोचतो. कोणाची मदत घ्यायचीच झाली, तर गणवेशातील कर्मचारी किंवा लहान मूल सोबत असलेली बाई, एवढे त्याला दाखवून दिले. या बाबतीत एक गंमत अशी की जर्मन भाषा त्यालाच येत होती, आम्हाला नाही. आम्ही हरवलो तर तोच आम्हाला वाचवील, असे त्याने मला गंभीरपणे सांगितले.

वाटांचे रखवालदार

जेवणानंतर आम्ही पायी भटकंतीच्या दालनात गेलो. ब्लॅक फॉरेस्ट, आल्ब पर्वत, बोडेन सरोवर यांचे नकाशे मांडलेले होते. ब्लॅक फॉरेस्टमधील वेस्टवेग ही फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत जाणारी सुमारे २८५ किलोमीटरची पायवाट १९०० सालापासून आहे. झाडांवर लावलेला लाल चौकटीचा तिरपा ठिपका पाहत माणूस ती चालतो. श्वेबिशे आल्ब या डोंगररांगेसाठीचा भटक्यांचा संघ १८८८ साली स्थापन झाला. अशा संघांचे सभासद स्वेच्छेने वाटांवरच्या खुणा रंगवतात, पडलेले फलक उभे करतात. त्या स्टॉलांवर बसलेली मंडळी पाहून मला बरे वाटले. पांढऱ्या केसांचे, काठी टेकून बसलेले स्त्री-पुरुष होते ते, आणि नकाशावर बोट ठेवून तरुणांना वाट सांगत होते.

पतींच्या डोळ्यांत त्या नकाशांकडे पाहताना जे होते ते मी ओळखते. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीत पुष्कळ पायपीट केली आहे. आता गुडघे मानत नाहीत. वृद्धत्वातील दुःखांपैकी एक मोठे दुःख असे की आवडीचे काम शरीर नाकारते आणि घरचे 'आता घरी बसा' म्हणतात. वैद्य म्हणून माझे मत वेगळे आहे. गुडघेदुखीच्या बहुतेक रुग्णांना चालणे वर्ज्य नसते, मोजून चालणे हवे असते. सपाट वाट, दोन काठ्या, मधे विसावा, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. मात्र चालताना पोटरीत कळ येऊन थांबल्यावर ती जात असेल, किंवा छातीत दडपण वाटत असेल, तर ती थकव्याची खूण समजू नये. तो रक्तवाहिन्यांचा निरोप असू शकतो, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

त्या स्टॉलवरील आजींनी नातवाला एक छोटा नकाशा दिला. सरोवराच्या काठाने जाणारी, बाबागाडी नेता येईल अशी वाट त्यावर रंगवली होती. पतींनी तो घडी करून खिशात ठेवला. मे महिन्यात आपण पुन्हा नसू, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि आमचे परतीचे तिकीट फेब्रुवारीचे होते.

परतताना नातू पुन्हा त्या माचीच्या गाडीपाशी थांबला. "आजी, आपण हे घर घेऊ या. मग तू गेलीस तरी घर घेऊन जाशील आणि आम्ही पण त्यातच असू." मी त्याच्यापुढे खाली बसले. "ही गाडी समुद्र ओलांडून यायची नाही, बाळा," मी म्हटले, "पण मी जायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी तुझ्या खाटेवर आपण अशीच माची करू." त्याला हे पूर्ण पटले नाही. मात्र तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तो चादर घेऊन माझ्या उशाशी उभा होता.

मुलाला निरोपाविषयी खोटे सांगू नये. 'लगेच येते' म्हणून विमानतळावर निघून जाणारी आजी मुलाच्या लक्षात राहते. कधी जाणार, कधी बोलणार, हे दिनदर्शिकेवर खूण करून दाखवावे. साडेचार वर्षांच्या मुलाला 'तीन आठवडे' समजत नाहीत, पण रोज एक चौकोन खोडता येतो.

घरी आल्यावर

घरी पोहोचल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणे आणि कपडे बदलणे हे आधी. पतींनी पाय नीट तपासले. मधुमेहात बोटांच्या संवेदना कमी झालेल्यांना बुटातला फोड कळत नाही, म्हणून लांब चालल्यानंतर तळवे, टाचा आणि बोटांमधील जागा पाहणे हा नियमच करावा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. पुढचे चार-पाच दिवस आम्ही सर्वांच्या सर्दी-खोकल्यावर लक्ष ठेवले. काही झाले नाही. झाले असते तर बाळापासून दूर राहायचे, हे आधीच ठरले होते.

परदेशी जाणे सर्वांना घडते असे नाही. पण भायखळ्याच्या राणीबागेतील पुष्पप्रदर्शन, पुण्यातील एम्प्रेस गार्डन, मोशीचे किसान प्रदर्शन किंवा आपल्या गावची यात्रा, कोठेही नातवंडाला घेऊन जायचे ठरले तर या गोष्टी तशाच उपयोगी पडतात. आदल्या रात्री एक कागद घ्या. त्यावर पाच ओळी लिहा : कोणाची कोणती औषधे, कोणाला फोन करायचा, किती वाजता जेवायचे, किती वाजता परत फिरायचे, आणि मूल हरवल्यास कोठे भेटायचे. तो कागद खिशात ठेवा. मग त्या दिवशी घड्याळ आपण सांभाळावे, आणि काय पाहायचे हे मुलाला ठरवू द्यावे. त्याने सारा दिवस एकाच बैलापाशी किंवा एकाच कारंज्यापाशी काढला, तर शेजारी बूड टेकायला जागा शोधा आणि बसा.